पहिल्या गडगडाटापर्यंतच्या गोष्टी

आमच्या बालाघाटात थंडी आल्याचं हवेवरून कधी कळत नाही. दिवाळीचे दिवे मालवले तरी दुपारी पंखा लावावा लागतो. थंडी आल्याचं कळतं ते बसस्टँडजवळच्या मैदानात बांबू रोवले जातात त्यावरून. सकाळी दूध आणायला जावं तर खड्डे खणणं सुरू असतं, दुसऱ्या दिवशी निळ्या ताडपत्र्या ताणलेल्या असतात आणि तिसऱ्या दिवशी स्वेटरांच्या भिंती उभ्या. ‘तिबेटी मार्केट लग गया’ असं गल्लीत कोणीतरी म्हणतं, आणि त्या संध्याकाळी घरोघरच्या पेट्या उघडून डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. मग हवेचाही नाइलाज होतो.

यंदाही बांबू रोवले गेले. मी भाजीची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिले. कडुनिंबाखालची जागा अजून रिकामी होती. ती डोलकरची, दरवर्षी तिथं स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईची. तिचा फोन येऊन गेला होता, की पालाचे, म्हणजे तिच्या म्हाताऱ्या वडिलांचे, गुडघे दुखून राह्यले, दोन दिवस उशीर होईल. हरकत नाही. मी तशीच थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, आणि मला ती एक थंडी आठवली. मी काही आठवणींत रमणारी बाई नाही. पण बांबू दिसले की ती थंडी येतेच, तिला अडवता येत नाही.

मी मूळची तुमसरची. लग्न होऊन इकडे आले, तुमसर आणि बालाघाटच्या मध्ये कुठंतरी मराठी सोडायची असते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. घरात मराठी, दारात हिंदी, अशी वर्षं गेली. मुलगा आता पुण्यात असतो आणि मराठी माणसांच्या गावातून मला हिंदीत फोन करतो. मी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेते आणि गाइड लिहिते. डाव्या पानावर हिंदी, उजव्या पानावर इंग्रजी, खाली प्रश्न. गोंदियाचा एक छापखानेवाला ती छापतो आणि वारासिवनी, परसवाडा, लामत्यापर्यंतच्या दुकानांत ती जातात. वर नाव माझंच असतं, पण ते कोणी वाचत नाही. सगळे मला ‘इंग्लिसवाली मॅडम’ म्हणतात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणसाला एक खोड लागते. कोणी काही बोललं की मला आधी त्याचं डावं-उजवं दिसतं, अर्थ नंतर पोचतो.

तिबेटी मार्केटमधले स्वेटर लुधियानाचे असतात हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी प्रत्येक गिऱ्हाईक लोकर चिमटीत धरून ‘असली तिबेटी है ना?’ असं विचारतंच, आणि विकणारेही तितक्याच गंभीरपणे मान डोलावतात. हा एक प्रकारचा शिष्टाचार आहे. त्या वर्षी मी शाल घ्यायला गेले तेव्हा कडुनिंबाखालच्या दुकानात लामत्याचं एक जोडपं आलं होतं. धान विकून आलेली माणसं, पायांवर अजून चिखलाची साय. नवऱ्याला स्वेटर घ्यायचा होता आणि निवडत बायको होती.

“लय सांगून राह्यली वं तू,” ती बाई म्हणाली.

“जास्त नाही सांगत, बाई. हात लावून पाय ना. बाजूच्या दुकानात पाय, मंग माह्याकडं ये. मी कोठं पळून राह्यली?”

लामत्याच्या बाईचा हात स्वेटरवरच थांबला. “अवं माय! हे तं आपल्यावानीच बोलते!”

“चीनची असून?” नवरा म्हणाला.

“चीनची नाही बाप्पा,” दुकानवाली म्हणाली. “गोंद्याची.”

तिघंही हसले आणि सौदा झाला. दुकानवाली म्हणजे डोलकर. पन्नाशीची, एक घट्ट वेणी, पायघोळ तिबेटी अंगरख्यावर रंगीत पट्ट्यांचं वस्त्र कमरेला बांधलेलं आणि वरून लुधियानाचं जाकीट. गोंदिया जिल्ह्यात जंगलाच्या कडेला तिबेटी लोकांची एक जुनी वसाहत आहे. तिकडच्याच एका घरात ती जन्मली. शेजारच्या खेड्यांतल्या भाजीवाल्या, धान लावणाऱ्या बाया, दवाखान्यातली नर्स, यांच्याकडून तिनं मराठी उचलली. माझ्या मुलापेक्षा तिची मराठी चांगली, हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, “अच्छा है.”

मी शाल बघत होते तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी ‘नमस्ते मॅडम’ म्हणून गेली आणि जाताजाता मी कोण ते डोलकरला सांगून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोलकर थर्मास घेऊन माझ्या दारात हजर. थर्मासात लोणी आणि मीठ घातलेला चहा होता. पहिल्या घोटाला वाटलं, कोणीतरी भाताच्या पेजेत चुकून चहा ओतला. दुसरा घोट बरा लागला. तिसऱ्या वेळी मी कप पुढे केला.

“मॅडम, तुमी डावीकडं हिंदी, उजवीकडं इंग्लिस करता ना? डावीकडं आमची भाषा केली तं?”

“मले तुमची भाषा कोठं येते वं?”

“मले येते ना. लिवता बी येते. डावीकडचं मी लिवतो, उजवीकडचं तुमी लिवा.”

“पण कशाचं?”

“पालाच्या गोष्टींचं,” ती म्हणाली.

पाला म्हणजे तिचे वडील. ‘पाला’ हा तिबेटी शब्द बाबांसाठीच आहे, पण सगळं मार्केट त्यांना पाला म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ऐंशी ओलांडलेले. घरी बघायला कोणी नव्हतं म्हणून त्या वर्षी डोलकरनं त्यांना बरोबर आणलं होतं. स्वेटरांच्या दोन ढिगांमध्ये बुटक्या स्टुलावर ते बसत, बोटांत जपमाळ, डोक्यावर स्वतः विणलेली लोकरीची टोपी. पालांचे वडील मंगोल होते. घोड्यावरून यात्रेला म्हणून ल्हासाला आले आणि एका तिबेटी बाईशी लग्न करून तिथंच राहिले. त्यामुळे पालांच्या गोष्टी निम्म्या डोंगराच्या आणि निम्म्या त्या पलीकडच्या गवताळ रानाच्या होत्या. आणि त्या मंगोल वडिलांनी गोष्टींबरोबर एक नियमही दिला होता. गोष्ट सांगायची ती थंडीतच. जमीन गोठली की सुरू करायचं, आणि आभाळात पहिला गडगडाट झाला की त्या वर्षापुरतं बंद. कारण गडगडाट म्हणजे आभाळातला ड्रॅगन जागा झाला. त्याच्या कानावर गोष्ट गेली तर तो ऐकायला खाली उतरतो, आणि येताना गारा आणतो. गुरं मरतात.

मी म्हटलं, छान आहे. लोककथांच्या प्रस्तावनेत घालायला अशी माहिती बरी असते.

डोलकर म्हणाली, “छान काय मॅडम? आमी थंडीत घरी असतो काय?”

मला समजायला थोडा वेळ लागला. पालांनी उभ्या आयुष्यात थंडीत स्वेटर विकले. नागपूर, जबलपूर, रायपूर, जिथं जागा मिळेल तिथं. पोरं वसाहतीत एका म्हाताऱ्या मावशीपाशी शाळेसाठी राहत. तिबेटी नवं वर्ष आलं की आईबाप घरी परतत, तोवर एखादा गडगडाट होऊन गेलेला असायचा. पुढे डोलकरनं हाच धंदा केला आणि तिची मुलगी तेन्झिन तशीच वाढली. गोष्टी थंडीत सांगायच्या आणि थंडीत घरी कोणी नाही, असं त्या घराचं चाललं होतं. डोलकरनं हे सांगितलं तेव्हा ती माझ्या पलंगावरची चादर नीट करत होती, स्वेटरची घडी घालावी तशी. हाताला सवय.

“तेन्झिन कॅनडाले जाऊन राह्यली,” ती म्हणाली. “नर्सिंग झालं तिचं बंगलोरले. मार्चमंधी जाते. परत कवा येते, कोणाले मालूम. तिले आपल्या आजोबाची एक बी गोष्ट येत नाही. पालाचं वय तं तुमी पायलंच.”

मी म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करून दे. ती म्हणाली, ऐकून तिला समजणार नाही. पालांची भाषा जुनी, मधेमधे मंगोल शब्द. तेन्झिनला शाळेतली तिबेटी येते, पण इंग्रजी झपाट्यानं येते. डावीकडं तिबेटी आणि उजवीकडं इंग्रजी असेल तर ती एकीच्या आधारानं दुसरी वाचेल. वसाहतीतल्या शाळेच्या बारक्या पोरांनाही तेच लागतं, मास्तर छापून घ्यायला तयार आहेत. मी हो म्हटलं. का म्हटलं ते आज सांगता येत नाही. दहावीच्या गाइडचं काम अंगावर होतं आणि शिकवणीची पोरं होतीच.

दुपारी दोननंतर मार्केट सुस्तावतं. गिऱ्हाईक जेवायला गेलेलं, पाठीवर ऊन, कोपऱ्यात कोणीतरी बोरं विकत बसलेलं. वारासिवनीच्या बाजूनं आलेल्या ट्रकमधून धानाचा कोंडा उडत असतो आणि त्याचा कोरडा, भाजका वास सगळ्या हवेला असतो. त्या वेळात पाला सांगत. ते एक वाक्य बोलत आणि थांबत. ऐकणाऱ्यानं ‘ला’ म्हणायचं. आपण जसा हुंकार देतो तसा. हुंकार आला नाही तर पुढचं वाक्य येत नसे. डोलकर ‘ला’ म्हणे, मग तेच वाक्य मला अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगे, आणि मी इंग्रजीत लिहून घेई. मधेच कोणी ‘ये जाकिट का क्या लोगे?’ म्हणून आलं की सगळं कथानक भाव ठरेपर्यंत ताटकळत उभं राहायचं.

पहिली गोष्ट त्यांनी रस्त्यावरून जाणारी म्हैस बघून काढली. पूर्वी म्हशीला दाट लोकर होती म्हणे. तिचा भाऊ याक. त्याला मीठ आणायला उत्तरेला जायचं होतं, तिकडे थंडी फार, म्हणून तिनं आपली लोकर त्याला वापरायला दिली. याक गेला, त्याला तिकडचं गवत आवडलं आणि तो परत आलाच नाही. म्हैस अजून मान वर करून उत्तरेकडे बघते, तो येतोय का. पाला हे सांगत असताना शेजारच्या दुकानात परसवाड्याचा एक म्हातारा मफलर बघत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “हौ ना. माही म्हैस अशीच पायते. मले वाटे, चाऱ्यासाठी पायते.”

मी माझ्या सवयीनं प्रत्येक गोष्टीखाली प्रश्न घातले. लोकर कोणी दिली? का दिली? या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात? डोलकरनं ते पालांना समजावून सांगितले. ते बराच वेळ हसले. मग काहीतरी बोलले. डोलकर म्हणाली, “ते म्हून राह्यले, का ज्यानं ऐकलं नाही तोच इचारते.” मी प्रश्न काढले नाहीत. शाळेला प्रश्न लागतातच.

एका रविवारी मी बापलेकींना आमच्या वॉर्डातल्या विहारात घेऊन गेले. आमची सगळी घरं बुद्धाची, ते दोघेही बुद्धाचे. मला वाटलं, ओळख पटकन पटेल. पालांनी आल्याआल्या मूर्तीसमोर जमिनीवर सबंध अंग टाकून पुन्हा पुन्हा दंडवत घातले. आमच्या बाया वंदना म्हणायच्या थांबून बघत राहिल्या. मग बायांनी पालीत वंदना म्हटली, तेव्हा पाला नवख्या पोरासारखे इकडेतिकडे बघत होते. त्यांचे मंत्र आम्हाला येत नव्हते, आमची गाथा त्यांना. शेवटी पोहे आले तेव्हा सगळे मोकळे झाले. एका आजीनं पालांची टोपी हातात घेऊन टाके तपासले आणि उलट टाका कसा घातला ते खुणेनं विचारलं. तो प्रश्न मात्र दोन्हीकडे कळला.

जानेवारीत तेन्झिन आली. उंच, जीन्स घातलेली, हिंदी-इंग्रजी तोंडात घोळणारी. कॅनडाला जाण्याआधीचे हे शेवटचे आठवडे तिनं मैदानात स्वेटर विकत काढायचं ठरवलं होतं. आमची तयार पानं ती दुकानात मांडीवर घेऊन बसे. उजव्या पानावर तळहात झाकून डावं पान वाची. अडली की हात उचलून इंग्रजी बघे आणि पुन्हा झाकी. सुरुवातीला हात सारखा वरखाली होत होता. मग हळूहळू तो पानावरच राहू लागला. मी आयुष्यभर दोन भाषांची पुस्तकं केली, पण कोणी ती अशी वापरताना मी पाहिलं नव्हतं. माझी पोरं उजवं पान पाठ करतात आणि डावं विसरतात. मला फार बरं वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही.

ती म्हणाली, “मैडम, मुझे तो लगता था पोला बस चुप रहने वाले आदमी हैं.” पोला म्हणजे आजोबा. तिनं त्यांना फक्त उन्हाळ्यात पाहिलं होतं.

पानं वाचून वाचून तेन्झिनचा कान पालांच्या जुन्या बोलीला सरावला, आणि हुंकार देण्याचं काम तिच्याकडे आलं. पालांचे डोळे तिच्याकडे लागलेले असत. डोलकर मागे सरकून बसे, हात कामात, आणि मला कुजबुजत अर्थ सांगे. संक्रांतीच्या दिवशी मी तिळगूळ घेऊन गेले तर पाला म्हणाले, आता मोठी गोष्ट. ती त्यांनी राखून ठेवली होती. त्यांच्या वडिलांची, घरची गोष्ट. बाहेर कोणाला येत नाही. बाकीच्या एका बैठकीत संपत, ही काही दुपारी चालणार होती.

बर्फाच्या वादळात एक मुलगा जन्मतो. त्याचं नाव ठेवायच्या आतच बापाची पांढरी घोडी सुटते आणि नाव तिच्याबरोबर जातं. मुलगा बिननावाचा मोठा होतो. त्याला कोणी हाक मारू शकत नाही, म्हणून कोणी भांडूही शकत नाही आणि जेवायला बोलावूही शकत नाही. आई म्हणते, जा, खुरांच्या मागे जा, तुझं नाव घेऊन ये. तो निघतो. एक खिंड, दुसरी खिंड. वाटेत कोल्हा भेटतो, नदी भेटते, एक आंधळा मेंढपाळ भेटतो, आणि प्रत्येक जण त्याला आपलं जुनं, वापरलेलं नाव द्यायला तयार असतो. तो घेत नाही. शेवटी रानाच्या टोकाला एका म्हातारीचा तंबू लागतो. बाहेर पांढरी घोडी बांधलेली. आत चुलीवर मोठं पातेलं, त्यात जगातली न ठेवलेली नावं रटरटत असतात. म्हातारी म्हणते, नीट बघ, झाकण एकदाच उघडीन.

ती जानेवारीअखेरची दुपार होती. सकाळपासून आभाळ भरलं होतं आणि खेड्यांतले लोक खरेदी अर्धी टाकून घाईनं परतत होते, कारण बऱ्याच जणांचं धान अजून उघड्यावर होतं. मार्केटमध्ये ताडपत्र्या ओढणं चाललं होतं. पाला शांतपणे सांगत होते. म्हातारीनं झाकणाला हात घातला. “ला,” तेन्झिन म्हणाली. म्हातारीनं झाकण उचललं. “ला.”

आणि वैनगंगेच्या बाजूनं ढग गडगडला. लांबून सुरू होऊन आमच्या डोक्यावरून गेला.

पालांनी तोंड मिटलं. जपमाळ मनगटावर चढवली आणि उठून स्टूल आत घेतलं. तेन्झिनला वाटलं, पाऊस येतोय म्हणून उठले. तिनं हसत त्यांना मदत केली. पाऊस आला, थोड्या वेळानं गेला. ती पानं सावरून पुन्हा समोर बसली, “ला?” म्हणाली. पाला तिच्याकडे बघून फक्त हसले.

मग तिला समजलं. “पोला, ये तो मावठा है. ये गिनती में नहीं आता. अभी तो जनवरी है!”

“आवाज आया,” पाला त्यांच्या तुटक्या हिंदीत म्हणाले. “खतम. अगला ठंड.”

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, रात्री हाडं गोठवणारी थंडी. तिनं पुन्हा विचारलं. रागावली, रडली, एक दिवस बोललीच नाही. आईला म्हणाली, “आमा, आप ही बता दो ना आगे का.” डोलकर म्हणाली, “ती पालाची गोष्ट हाय,” आणि ताडपत्रीची दोरी आवळायला गेली, जी आधीच आवळलेली होती.

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. चांगलाच आला. एका पोरीला मार्चमध्ये जगाच्या टोकाला जायचंय, आणि यांचं ड्रॅगनपुराण. मी डोलकरला स्पष्टच विचारलं, “पुढची थंडी पायतीन काय ते?”

“मले काय मालूम, मॅडम? पायतीन बी, नाही बी.”

“मंग सांग ना त्यायले. मोडा म्हणा नेम एकखेप.”

“नेम मोडून सांगतीन तं त्यायले झोप नाही लागणार,” ती म्हणाली. “तेन्झिनले बी गोष्ट गोड नाही लागणार मंग.”

मार्चमध्ये तेन्झिन गेली. पिशवीत आमची सगळी पानं, शेवटच्या डाव्या पानावर आणि शेवटच्या उजव्या पानावर म्हातारीच्या हातात नुकतंच उचललेलं झाकण. बालाघाटच्या स्टेशनवर आम्ही तिला सोडायला गेलो. पालांनी तिच्या गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घातलं आणि कपाळाला कपाळ लावलं. कोणी गोष्टीचं नाव काढलं नाही. गाडी गेल्यावर आम्ही रसवंतीत उसाचा रस प्यायलो आणि ते दोघं गोंदियाच्या बसमध्ये बसले. मैदानातले बांबू निघाले होते, खड्डे तेवढे राहिले होते.

एप्रिलच्या शेवटी छापखान्यातून पुस्तकाची कच्ची पानं आली. मी ती नीट वाचून, उजवीकडच्या दोन-चार चुका लाल शाईनं सुधारून, तपासायला म्हणून वसाहतीत घेऊन गेले. डोलकरनं पहिलंच पान हातात घेतलं आणि खाली बसून हसायला लागली. छापणाऱ्यानं डावीकडची कितीतरी पानं उलटी लावली होती. अक्षरं डोक्यावर उभी होती, आणि ती तशी उभी आहेत हे त्याला कळलं नव्हतं तसं मलाही कळलं नव्हतं. पालांनी चष्मा लावून पान बघितलं, मग पान तसंच ठेवून स्वतःची मान वाकडी करून वाचू लागले.

उन्हाळा रणरणत होता. मोहफुलं पडून गेली होती, त्यांचा आंबूस वास तेवढा जंगलाकडून येई. घरांवरच्या प्रार्थनेच्या पताका उन्हानं पांढऱ्या पडल्या होत्या. पाला बनियनवर कूलरसमोर बसले होते. दिवस मावळताना डोलकरचा फोन वाजला. तेन्झिनचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ होत होती. तिनं अंगात जाडजूड कोट घातलेला, ड्यूटीवर निघायच्या तयारीत. माझ्याशी दोन शब्द बोलली. मग तिनं फोन खिडकीकडे वळवला. बाहेर बर्फ पडत होतं. सावकाश, भरपूर, झाडं आणि गाड्या सगळं बुजवून टाकणारं. इथं कूलरचं पाणी संपत आलं होतं आणि तिथं ते चाललं होतं.

पालांनी डोलकरच्या हातातून फोन घेतला. अगदी डोळ्यांजवळ नेला. ते बर्फाकडे इतका वेळ बघत राहिले की तेन्झिन तिकडून “पोला? पोला?” करू लागली. मग त्यांनी तिला काहीतरी विचारलं.

“काय म्हणून राह्यले?” मी डोलकरला विचारलं.

“इचारून राह्यले, तिकडं ढग गरजला काय म्हून.” डोलकरचा आवाज बारीक झाला होता.

तेन्झिननं खिडकीकडचा फोन स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला. ती मान हलवत होती. नाही. एकदाही नाही. ती तिबेटीतच बोलत होती, भरभर, न अडखळता. तिनं अंगातला कोट काढून ठेवला आणि खाली बसली. ड्यूटीचं काय केलं तिनं, कोण जाणे.

पाला उठले. भिंतीवरच्या खिळ्याची लोकरीची टोपी काढून, त्या उकाड्यात, बनियनवर, त्यांनी ती डोक्यावर नीट बसवली. जपमाळ मनगटावरून बोटांत घेतली. पलंगावर ताठ बसले आणि एक वाक्य बोलले. फोनमध्ये थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. समुद्रापलीकडून यायला लागतो तेवढा वेळ. मग आलं, “ला.”

मी पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढलं. दुसरं वाक्य झालं, “ला” आलं. तिसरं झालं. माझा कागद कोराच. डोलकर माझ्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि मला काहीच सांगत नव्हती.

“डोलकर,” मी हळूच म्हटलं, “पातेल्यात काय हाय? काय निंगालं?”

तिनं माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

“थांबा ना मॅडम,” ती म्हणाली. “मी बी पयल्यांदाच ऐकून राह्यली.”